‘कृपया’ टाइप केलं आणि प्रोग्रॅम मेला : काळ्या पडद्यावर अक्षर कोणतं, हुकूम कोणता?

(भागाचं शब्दांकन. बोलतानाचे ‘म्हणजे बघा’ आणि ‘काय म्हणतात ते’ थोडे छाटलेत. कमांड तोंडी सांगितल्या होत्या, त्या तशाच ठेवल्यात.)



हिंजवडी पुण्यात नाही, मुळशी तालुक्यात आहे, हे हिंजवडीत रोज येणाऱ्या निम्म्या लोकांना माहीत नसतं. हिंजवडी, माण, मारुंजी ही सगळी मुळशीची गावं, आणि तालुक्याचं ठिकाण पौड. आजची गोष्ट याच भागातल्या ऑफिसांमध्ये रोज घडते. कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला मुलगा किंवा मुलगी पहिल्यांदा लिनक्सच्या सर्व्हरवर लॉगिन करते. काळा पडदा, पांढरी अक्षरं. फाइल उघडते, दोन ओळी बदलते, आणि सवयीने सेव्ह करायला कंट्रोल-एस दाबते. पडदा गोठतो. काहीही दाबा, हू की चू नाही. मग विंडोच बंद करायची, पुन्हा लॉगिन करायचं, आणि केलेलं काम गेलं म्हणून शेजारच्याकडे बघायचं.

शेजारचा अनुभवी असेल तर म्हणतो, “कंट्रोल-क्यू दाब.” पडदा जिवंत होतो. हे असं का, ते मात्र तोही सांगत नाही, कारण त्यालाही कुणी सांगितलेलं नसतं.

तर उत्तर आहे कागदी पट्टीत. साधारण साठ वर्षं जुन्या, भोकं पाडलेल्या कागदी पट्टीत. आणि तिथून निघालेला रस्ता आपल्या क, ज आणि छ या अक्षरांपर्यंत येतो, म्हणून हा भाग.

टेलिप्रिंटर माहीत आहे ना? टंकलेखन यंत्रासारखं यंत्र, पण तारेने जोडलेलं. इकडे टाइप केलं की तिकडे छापलं जातं. आता गंमत बघा, तारेवरून अक्षरं पाठवता येतात, पण “आता नवीन ओळीवर जा” हे कसं पाठवणार? तिकडे माणूस बसलेला असेलच असं नाही. म्हणून १९०१ च्या सुमाराला डोनाल्ड मरे या न्यूझीलंडच्या माणसाने आपल्या तारेच्या कोडमध्ये काही जागा अक्षरांना न देता यंत्राला द्यायच्या हुकमांसाठी ठेवल्या. गाडा डावीकडे ने, कागद एक ओळ वर सरकव. हे छापले जात नाहीत, पाळले जातात. त्यांनाच आपण कंट्रोल कॅरेक्टर म्हणतो.

१९६३ मध्ये अमेरिकेत आस्की हा कोड ठरला. एकूण १२८ जागा. त्यातल्या पहिल्या ३२, म्हणजे ० ते ३१, हुकमांना दिल्या. आणि कीबोर्डवरची कंट्रोल कळ काय करते? अक्षराच्या कोडमधून ६४ वजा करते. सी हे इंग्रजीतलं तिसरं अक्षर, म्हणून कंट्रोल-सी म्हणजे ३. जी सातवं, कंट्रोल-जी म्हणजे ७, आणि ७ म्हणजे घंटा. खरी घंटा, धातूची. एम तेरावं, १३ म्हणजे गाडा परत आणणे, म्हणून आजही टर्मिनलवर कंट्रोल-एम दाबलं की एंटर होतं. करून बघा.

एस एकोणिसावं आणि क्यू सतरावं. टेलिटाइप मॉडेल ३३ नावाचं यंत्र होतं, सेकंदाला दहा अक्षरं छापणारं. त्याला कागदी पट्टी वाचणारा भाग जोडलेला असे. १७ आला की पट्टी वाचायला सुरुवात, १९ आला की थांब. पलीकडचा कॉम्प्युटर भरला, त्याला श्वास घ्यायला वेळ हवा असला, की तो १९ पाठवायचा. झालं. तुमचा पडदा गोठतो त्याच्यामागे हेच आहे. पट्टी गेली, यंत्र गेलं, पण १९ म्हणजे थांब हा करार राहिला.

आता खरा प्रश्न. एखादा बाइट आला तर तो अक्षर आहे की हुकूम, हे कोणी ठरवायचं? ऑपरेटिंग सिस्टिमने मध्येच पकडून? की तसाच प्रोग्रॅमच्या हातात देऊन?

युनिक्स करणाऱ्यांनी याला सुंदर नावं दिली. शिजवलेला आणि कच्चा. शिजवलेल्या पद्धतीत कीबोर्डवरून आलेलं सगळं आधी सिस्टिम चाखते. बॅकस्पेस असेल तर मागचं अक्षर पुसते, कंट्रोल-सी असेल तर प्रोग्रॅम थांबवते, आणि उरलेली स्वच्छ ओळ प्रोग्रॅमला वाढते. कच्च्या पद्धतीत काही नाही, जे आलं ते जसंच्या तसं पुढे. ही पद्धत बदलायची कमांड एसटीटीवाय. नंतर एकेक गोष्ट सुटी बंद करायची सोयही आली. फक्त तो थांब-चालूचा करार मोडायचा तर एसटीटीवाय, मग जागा, मग वजाचं चिन्ह लावून आयएक्सऑन. सुरुवातीच्या फाइलमध्ये ही एक ओळ टाकली की कंट्रोल-एस कधीच पडदा गोठवत नाही. हिंजवडीच्या मंडळींनी इथे भाग थांबवून ती ओळ टाकून आलात तरी चालेल.

डॉसचं प्रकरण जास्त मजेशीर आहे. ज्यांच्या घरात कुणी नव्वदच्या आसपास कॉम्प्युटर क्लास केला असेल त्यांना विचारा: डॉस, वर्डस्टार, लोटस, डीबेस. हा त्या काळचा ठरलेला चौकडा. डॉस १९८१ चा, पण त्याच्या सवयी आल्या सीपीएम या त्याआधीच्या सिस्टिममधून. गॅरी किल्डॉलने १९७४ मध्ये ती केली होती. तिथेही कंट्रोल-सी म्हणजे सोड, कंट्रोल-एस म्हणजे थांब. आणि कंट्रोल-झेड म्हणजे फाइल संपली, कारण सीपीएमला फाइलची नेमकी लांबी माहीतच नसे. ती १२८ बाइटच्या तुकड्यांतच मोजायची. मग मजकूर कुठे संपला याची खूण हवी, म्हणून २६.

आता वर्डस्टार. १९७८ चं. त्या वेळी कित्येक कीबोर्डवर बाणांच्या कळाच नव्हत्या, म्हणून त्यांनी डाव्या हाताखालच्या कळा घेतल्या. कंट्रोल-ई वर, कंट्रोल-एक्स खाली, कंट्रोल-डी उजवीकडे, आणि कंट्रोल-एस डावीकडे! कंट्रोल-सी म्हणजे पुढचं पान. आलं लक्षात? सिस्टिमने आपली चौकी चालू ठेवली असती, तर एक अक्षर डावीकडे गेलं की पडदा गोठला आणि पुढचं पान मागितलं की प्रोग्रॅमच मेला. वर्डस्टारसारख्या प्रोग्रॅमला ती चौकी टाळूनच कळा वाचाव्या लागत. डॉसमध्ये तर अशा दोन वाटा शेजारी शेजारीच होत्या. फंक्शन १ ने कळ वाचली तर डॉस कंट्रोल-सी तपासणार, फंक्शन ७ ने वाचली तर नाही तपासणार. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने कोणता आकडा टाकला, एवढ्यावर सगळं.

याहून खोलवरची सोयही होती. कीबोर्ड-पडद्याच्या खात्यात एक बिट असे, तो चढवला की डॉस त्या उपकरणासाठी कच्च्या पद्धतीवर जाई. मग कंट्रोल-सी, एस, झेड सगळे साधे बाइट.

आणि मग ब्रेक नावाची कमांड. माझ्या मते डॉसमधलं सगळ्यात फसवं नाव. ब्रेक ऑफ. कुणालाही वाटेल की आता कंट्रोल-सी बंद. नाही हो! ब्रेक ऑफ म्हणजे फक्त पडदा, कीबोर्ड, प्रिंटर यांच्याशी बोलतानाच तपास. ब्रेक ऑन म्हणजे डिस्कवर लिहिता-वाचतानाही तपास. म्हणजे ऑफ असतानाही कंट्रोल-सी चालूच, थोडा आळशी एवढंच. ज्या ऑफिसात मेनूवर बोट ठेवून काम करणारे लोक बसत, तिथे हा फरक महत्त्वाचा असे. एखादा चुकून कंट्रोल-सी दाबतो, बॅच फाइल विचारते काम बंद करू का, तो घाबरून वाय दाबतो, आणि मेनू जाऊन समोर नुसता सी, कोलन, तिरकी रेघ. डीबेसमध्ये लिहिणारे म्हणून प्रोग्रॅमच्या अगदी वरच सेट एस्केप ऑफ लिहून टाकत. एस्केप दाबून कुणी अर्ध्यातून बाहेर पडू नये म्हणून.

इथपर्यंत सगळे हुकूम ० ते ३१ मध्ये. सगळी अक्षरं इंग्रजी. आता मराठी येते.

आस्कीच्या १२८ जागांना ७ बिट लागतात. बाइट असतो ८ बिटांचा. म्हणजे वरच्या अर्ध्यात, १२८ ते २५५, आणखी १२८ जागा रिकाम्या. भारतीय भाषांची सगळी आशा त्या एका आठव्या बिटावर होती. पण तिथेही आधीच कुणीतरी कुंपण घालून ठेवलं होतं. आठ बिटांच्या आंतरराष्ट्रीय रचनेत १२८ ते १५९ या ३२ जागा पुन्हा हुकमांसाठी राखून ठेवलेल्या. खालच्या ३२ सारख्याच, फक्त एक मजला वर.

पुण्याचा संबंध इथे येतो. देवनागरी टर्मिनलचं काम आयआयटी कानपूरला ऐंशीच्या दशकात सुरू झालं होतं. जिस्ट, म्हणजे ग्राफिक्स अँड इंडियन स्क्रिप्ट टर्मिनल. मोहन तांबे यांचं नाव या कामाशी कायमचं जोडलेलं आहे. १९८८ मध्ये पुण्यात सीडॅक सुरू झालं आणि जिस्ट तिकडे आलं. सीडॅक म्हटलं की आपल्याला १९९१ चा परम ८००० हा सुपरकॉम्प्युटर आठवतो, विजय भटकर आठवतात, आणि ते बरोबरच आहे. पण रोजच्या कामातल्या माणसाला जास्त उपयोगी पडलं ते जिस्ट कार्ड, असं माझं प्रामाणिक मत. पीसीच्या खाचेत हे कार्ड बसवायचं, आणि ज्या प्रोग्रॅमला मराठीचा म सुद्धा माहीत नाही अशा डॉसच्या प्रोग्रॅममध्ये देवनागरी दिसायची. प्रोग्रॅमला वाटे की आपण काहीतरी वरच्या मजल्यावरचे बाइट हाताळतोय. कार्ड ते बाइट बघून पडद्यावर जोडाक्षरासकट मराठी काढे.

त्यामागचा कोड म्हणजे इस्की. भारतीय मानक ब्युरोने तो १९९१ मध्ये आयएस १३१९४ म्हणून प्रसिद्ध केला. आणि त्यातली एक गोष्ट मला फार आवडते. इस्कीची अक्षरं १२८ पासून सुरू होत नाहीत. १६१ पासून सुरू होतात आणि २५० ला, नऊच्या आकड्यावर, संपतात. हुकमांच्या त्या राखीव ३२ जागांना हातसुद्धा लावलेला नाही. एवढी स्वर-व्यंजनांची, मात्रांची गर्दी, त्यात ळ, त्यात ऱ, दहा लिप्यांना एकच आराखडा, जागेची मारामार. तरीही ३२ जागा रिकाम्या सोडल्या. का? कारण टर्मिनलं बाहेरची, युनिक्स बाहेरचं, डॉस बाहेरचं. ती यंत्रं आपल्यासाठी वागणूक बदलतील याची काही खात्री नव्हती. मग आपलं अक्षर त्यांच्या हुकमाच्या वाटेत येणारच नाही असं बघायचं.

ही सावधगिरी किती कामाची, ते एका उदाहरणाने सांगतो. त्या काळात कित्येक जोडण्या सातच बिट पाठवायच्या, आठवा बिट कापून टाकायच्या. युनिक्समध्ये त्यासाठी सेटिंगच होतं, आयस्ट्रिप नावाचं. मराठी हवी असेल तर ते बंद करावं लागे. समजा विसरलात. इस्कीत ‘मुळशी’ म्हणजे पाच बाइट: म २०४, उकार २२१, ळ २१०, श २१३, दीर्घ ईकार २२०. प्रत्येकातून १२८ वजा करा. ७६, ९३, ८२, ८५, ९२. पडद्यावर येणार इंग्रजी एल, मग बंद होणारा चौकटी कंस, मग आर, यू, आणि शेवटी उलटी तिरकी रेघ. दिसायला भयंकर. मुळशीची पार वाट लागली. पण बघा, एकही हुकूम झाला नाही. घंटा वाजली नाही, पडदा गोठला नाही, प्रोग्रॅम मेला नाही. १६१ मधून १२८ गेले की ३३ उरतात, आणि ३३ पासून पुढे छापायचीच अक्षरं असतात. इस्कीचा मजकूर मोडला तरी निरुपद्रवी मोडायचा.

जाता जाता: वर्डस्टार आपल्या नेहमीच्या पद्धतीत हाच आठवा बिट स्वतःच्या खुणेसाठी वापरायचं, शब्दाच्या शेवटच्या अक्षरावर चढवून. म्हणजे कंट्रोल-सीच्या चौकीतून निसटलेला प्रोग्रॅम स्वतः मात्र आठव्या बिटावर बसून होता. प्रत्येकाला दुसऱ्याची चौकी टोचते.

फाँटवाल्यांनी वेगळाच रस्ता काढला, हेही सांगायला हवं. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी घ्या किंवा इतर जुने फाँट घ्या, त्यांनी कोडचा वाद घातलाच नाही. इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी आकार बसवला. कॉम्प्युटरला वाटतं इंग्रजी चाललंय. त्यावर कितीतरी मासिकं, लग्नपत्रिका निघाल्या. पण फाँट गेला की उरतं ते न वाचता येणारं इंग्रजी. तो एक स्वतंत्र भाग होईल.

आता युनिकोड. १९९२ च्या सप्टेंबरात केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी न्यू जर्सीतल्या एका हॉटेलात, टेबलावरच्या कागदी मॅटवर, यूटीएफ-८ ची रचना मांडली. आज तुमच्या फोनवरची मराठी त्याच रूपात साठते. प्रत्येक देवनागरी चिन्हाला तीन बाइट. पहिला २२४, दुसरा १६४ किंवा १६५, तिसरा १२८ ते १९१ मध्ये कुठेही.

शेवटचं वाक्य पुन्हा ऐका. १२८ पासून. म्हणजे इस्कीने जे कुंपण पाळलं होतं, ते इथे पाळलेलं नाही. त्यांनी पाळलं ते खालचं: ० ते १२७ मधला कुठलाही बाइट दुसऱ्या भाषेच्या अक्षरात येणार नाही. त्यामुळे सरळ मार्गाने मराठी टाइप करताना कंट्रोल-सी कधीच होणार नाही. छान. पण वरच्या मजल्यावर काय?

आपल्या अक्षरांचे तिसरे बाइट बघूया. छ चा तिसरा बाइट १५५. आठ बिटांच्या टर्मिनलमध्ये १५५ म्हणजे “पुढे हुकूम येतोय, तयार राहा”. रंग बदलणे, कर्सर हलवणे, पडदा पुसणे, या सगळ्यांची सुरुवात. झ चा १५७, म्हणजे “पुढचा मजकूर छापू नकोस, तो माझ्यासाठी संदेश आहे”. आणि तो संदेश संपला हे सांगणारा बाइट १५६. तो कुणाचा? ज चा! म्हणजे नियमावर बोट ठेवून चालणाऱ्या जुन्या टर्मिनलला ‘झाड’ दिलं, तर पुढे कुठेतरी ज किंवा घंटेचा बाइट येईपर्यंत तो मजकूर गिळत बसू शकतो. अ चा तिसरा बाइट १३३, नवीन ओळ. पाय मोडायच्या चिन्हाचा १४१, एक ओळ वर जा. एखाद्याला वाटेल की मराठी बिघडली, फाइल खराब झाली. फाइल ठणठणीत असते. टर्मिनल अक्षराला हुकूम समजून पाळत असतो, आज्ञाधारकपणे.

आणि इथे कुणी आठवा बिट कापला तर? आता करून बघायचा भाग. लिनक्सच्या टर्मिनलवर एसटीटीवाय, जागा, आयस्ट्रिप. एंटर. मग कॅट लिहून एंटर, म्हणजे आपण लिहू ते वाचणारा प्रोग्रॅम चालू होईल. आता मराठी कीबोर्डने ‘कृपया’ लिहा.

क म्हणजे २२४, १६४, १४९. शेवटच्यातून १२८ गेले की २१. २१ म्हणजे कंट्रोल-यू, लिहिलेली ओळ पुसून टाक. बरं, ओळ पुसली. मग ऋकार: २२४, १६५, १३१. १३१ मधून १२८ गेले, उरले ३. कंट्रोल-सी. प्रोग्रॅम खलास. तुम्ही ‘कृपया’ म्हणालात, यंत्राने ‘मर’ ऐकलं. ‘कृष्णा’ लिहा, ‘कृती’ लिहा, तेच. विसर्गाचंही तेच, तिसरा बाइट १३१, त्यामुळे ‘दुःख’ पूर्ण लिहून होतच नाही. ज म्हणजे २८, त्याने प्रोग्रॅम आणखी जोरात मरतो. ग म्हणजे २३, मागचा शब्द पुसला. आणि माझं आवडतं: ओ म्हणजे १९, ऑ म्हणजे १७. म्हणजे ‘ओळख’ लिहायला घेतली की पडदा गोठतो आणि ‘ऑफिस’ लिहिलं की सुटतो! टेलिटाइपची ती कागदी पट्टी आपल्या ओ आणि ऑ मध्ये येऊन बसलेली. कॅटमधून बाहेर पडल्यावर वजाचं चिन्ह लावून आयस्ट्रिप परत बंद करायला विसरू नका.

मग आज हे रोज का होत नाही? कारण दोन गोष्टी बदलल्या. आठवा बिट कापणं बंद झालं. आणि टर्मिनलमध्ये क्रम बदलला. पूर्वी एकेक बाइट आला की लगेच विचारलं जायचं, हा हुकूम आहे का? आता यूटीएफ-८ पद्धतीत आधी तीन बाइट गोळा करून अक्षर बनवतात, आणि मग विचारतात की हे अक्षर आहे की हुकूम. छ चा शेवटचा १५५ एकटा कधी विचारलाच जात नाही. एवढंच. नवीन यंत्र नाही, नवीन कार्ड नाही. प्रश्न कोणत्या पायरीवर विचारायचा, तेवढं सरकवलं. जुन्या वळणाच्या टर्मिनलसाठी वेगळी सोयही आहे. एक्सटर्ममध्ये सेटिंग आहे की वरच्या मजल्यावरचे हुकूम पाळूच नकोस, अक्षरं म्हणून छाप.

इस्कीच्या लोकांना हा क्रम बदलणं शक्य नव्हतं, कारण चौकी त्यांची नव्हती. म्हणून त्यांनी अक्षरं वाटेतून बाजूला घेतली. मला कधी कधी लोक म्हणतात, इस्की म्हणजे अडगळ, युनिकोड आल्यावर काय राहिलं त्यात. मला ते पटत नाही. पाहुण्याच्या घरात राहायचं तर कुठे पाऊल टाकायचं नाही हे त्यांना नीट कळलं होतं, आणि त्या हिशेबाने केलेलं ते काम आहे. त्याच वेळी हेही खरं, की भाषेने किती काळ पाहुण्यासारखं अंग चोरून राहायचं? कधीतरी घराची मांडणी बदलावीच लागते.

ती अजून पूर्ण बदललेली नाही. शिजवलेल्या पद्धतीत बॅकस्पेस घ्या. सिस्टिमला मराठी तीन बाइटची असते हे सांगितलं नसेल तर ती एका बॅकस्पेसला एकच बाइट पुसते, आणि मागे दोन बाइटचं मढं राहतं. पडद्यावर सगळं पुसल्यासारखं दिसतं, प्रोग्रॅमला मात्र कचरा पोचतो. लिनक्समध्ये २००४ मध्ये आययूटीएफ-८ नावाचं सेटिंग आलं ते याच्यासाठी. पण सर्व्हर दुसरीकडे असेल आणि तुम्ही एसएसएचने आत गेलात, तर ही सूचना पलीकडे पोचवायची अधिकृत रीतच नव्हती. ती लिहून ठरली एप्रिल २०१७ मध्ये, आरएफसी ८१६० म्हणून. म्हणजे यूटीएफ-८ जन्मल्यावर जवळपास पंचवीस वर्षांनी, पलीकडच्या मशीनवर एक मराठी चिन्ह धड पुसण्याची सोय कागदावर आली. आणि तरीही ‘मुळशी’ पुसायला पाच बॅकस्पेस लागतात, तीन नाही, कारण काना-मात्रा-वेलांटी वेगळी मोजली जाते.

गिटचं बघा. मुळशी नावाची फाइल बनवा आणि गिट स्टेटस विचारा. अवतरणचिन्हात उलट्या रेघांची माळ दिसेल: तीनशे चाळीस, दोनशे चव्वेचाळीस, दोनशे छप्पन… असे पंधरा आकडे, पाच चिन्हांचे तीन-तीन बाइट, आठाच्या पाढ्यातल्या मोजणीत लिहिलेले. कारण गिट गृहीत धरतं की १२८ आणि त्यापुढचा बाइट म्हणजे नेहमीचा नव्हे, पडद्यावर टाकायला धोक्याचा असू शकतो, त्याला झाकलेला बरा. छ आणि झ ची गोष्ट ऐकल्यावर ही भीती अगदीच वेडगळ नव्हती हे तुम्हाला कळेल. पण आजच्या टर्मिनलवर तिची गरज नाही. गिट कॉन्फिग, मग कोअर टिंब कोटपाथ, मग फॉल्स. मुळशी परत मुळशी दिसते. मला भेटणारी बरीच पोरं हे न करता फाइलची नावं इंग्रजीतच ठेवतात आणि म्हणतात, मराठी टर्मिनलमध्ये चालत नाही. चालते. एक तपासणी बंद करावी लागते, आणि ती बंद करता येते हे कुणीतरी सांगावं लागतं.

हा भाग फोनवर ऐकणारे बरेच जण असणार, म्हणून शेवटचं. अँड्रॉइडवर टर्मक्स नावाचं ॲप आहे, फोनमध्येच लिनक्सची कमांड लाइन देतं. त्यात आवाज कमी करायची कळ धरून सी दाबलं की कंट्रोल-सी होतं. टर्मक्समध्ये ओ आणि ऑ चा खेळ करून बघायला गेलात तर तो जमणार नाही. त्याचा कोड सगळ्यांना बघायला खुला आहे, जाऊन बघा. नवीन टर्मिनल उघडताना तो लागोपाठ दोन गोष्टी करतो. एक, आययूटीएफ-८ चालू करतो. दोन, थांब-चालूचा तो जुना करार बंद करतो, आणि शेजारी टिपणात कारणही लिहिलंय, की कंट्रोल-एसने पडदा अडकू नये म्हणून. ‘कृपया’ मात्र तिथेही मरेल, आयस्ट्रिप तुम्ही स्वतः चालू केलंत तर.